एका सभासदाचा संघ

गयामावशीला सर्दी झाली की ती सांगायची, "आज संघाला सर्दी झालीय."

गुडघा दुखला तर संघाचा गुडघा दुखायचा. चतुर्थी आली की संघाला उपास. एकदा मी गाडीतून उतरतोय तोच तिनं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "सुपरवाजर, संघाला काल इंचू चावला."

मी दचकून विचारलं, "कुठं?"

"अंगठ्याला. पर संघ मजबूत हाय. कण्हला, कुथला, आन् सकाळी दूद घिऊन फाट्यावर आला."

असं बोलण्यात तिचं काही चुकत नव्हतं. उमरदऱ्यात आमच्या दूध संघाचा एकच सभासद उरला होता, आणि तो सभासद म्हणजे गयामावशी. बाकी सगळं गाव संघातून बाहेर पडलं होतं.

मी तेव्हा त्या संघात सुपरवायझर होतो. हुद्दा ऐकायला मोठा, काम एवढंच की पहाटे दुधाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं, गावोगावच्या दुधाचा वास घ्यायचा, भाव ज्यावर ठरतो ते फॅट यंत्रावर काढायचं आणि रजिस्टरात लिटर लिहायचे. गाडी गफूरभाई चालवायचे. केजच्या रस्त्यावरची गावं संपली की डोंगराच्या अंगाला उमरदरा लागायचा. पूर्वी गाडी थेट मारुतीच्या पारापर्यंत जायची. गावानं संघ सोडल्यावर आम्ही फाट्यावरनंच पुढं निघू लागलो. आणि त्या फाट्यावर, बाभळीखाली, डोक्यावरचा पदर दातात धरून, पाच लिटरची किटली घेऊन ही बाई उभी.

गाव बाहेर कसं पडलं ते सांगतो, कारण तेव्हा मी तिथं हजर होतो.

गावच्या दूध संस्थेचे चेअरमन होते भगवानराव. त्यांना सगळं गाव चेअरमनच म्हणायचं, त्यांची बायकोसुद्धा. माणूस हिकमती, बोलायला फर्डा, मनानं वाईट नाही. ते संघाच्या संचालकपदाला उभे राहिले आणि पडले. पडले त्या दिवशी त्यांना संघातले सगळे दोष एकदम दिसले. आता दोष खोटे होते असं मी म्हणणार नाही. आमच्या मॅनेजरला 'बघू' हा एकच शब्द येत होता. दूध नासलं, बघू. पेंड आली नाही, बघू. लोक वैतागले होतेच. त्यात बाहेरची एक खाजगी डेअरी लिटरमागं जास्त भाव देतो म्हणून गावात चकरा मारत होती.

पारावर सभा भरली. चेअरमन उठले आणि गरजले, "जनावरं आपली, दूद आपलं, आन् भाव ठरवनार ते? कावून? आता आपला कारभार आपल्या हातात!"

टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनं एकटी गयामावशी उठली.

"जनावराचा डाक्टर कोन देनार?"

"नवी डेअरी देईल."

"पेंड?"

"तीबी देईल."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तर पुन्हा संघात जाऊ. त्यात काय!"

"तवर दार उगडं ऱ्हाईल का, चेअरमन?"

लोक हसले. चेअरमनही हसले. मग 'मंजूर, मंजूर' करत हात वर गेले. मावशीनं दोन्ही हात पदराखाली घातले, एखादा चुकून वर जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती किटली घेऊन थेट संघाच्या शीतकरण केंद्रावर आली. मॅनेजरनं तिला समजावलं, की संघात संस्था सभासद असतात, एकटा माणूस नसतो. तसा नियमच नाही.

मावशी म्हणाली, "संस्था काडली तवा ह्यांनी सही केलती. ते गेले. पर सही हाय ना? जित्या मानसाची सही त्यो सोता मोडील. गेलेल्याची कोन मोडनार?"

मॅनेजर म्हणाला, "बघू."

"बगा," म्हणाली आणि त्याच्या दारात बसली. किटलीतलं दूध तिथंच नासलं. दुसऱ्या दिवशी ताजं घेऊन पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं नाक दाबून एक कागद काढला आणि त्यावर लिहिलं: 'उमरदरा फाटा, तात्पुरते संकलन केंद्र.' केंद्र म्हणजे ती बाभूळ, आणि केंद्रप्रमुख, सभासद आणि गडी, सगळं गयामावशी. तेव्हापासून ती संघ झाली.

सुरुवातीचे महिने गावाचे मजेत गेले. नवी लाल गाडी पारापर्यंत यायची. नवे चकचकीत कॅन आले. चेअरमनच्या दारात त्या डेअरीचा पत्र्याचा बोर्ड लागला. आमची गाडी फाट्यावर थांबली की गावची माणसं मावशीला चिडवायची, "काय संघ, आज किती लिटर?" ती उत्तर द्यायची, "संघ मोजून सांगत न्हाई. दिष्ट लागती."

मग एकेक गोष्ट कळायला लागली. संघानं आपलं फॅटचं यंत्र परत नेलं होतं, तेव्हा फॅट आता डेअरीवाला सांगेल ते. संघाचा डॉक्टर शेजारच्या गावापर्यंत यायचा आणि तिथूनच वळायचा. उमरदऱ्यात म्हैस अडली की माणसं ओढ्यापल्याड धावत जायची आणि तिकडचे सभासद म्हणायचे, "आमचा डाक्टर आमच्यासाठी हाय बे. तुमचा कारभार तुमच्या हातात ना?" ज्या गावात यांच्या निम्म्या लेकी दिलेल्या, तिथली माणसं अशी बोलायला लागली. आणि पहाटे आमच्या गाडीत बसून केजच्या दवाखान्याला जायची जी सोय होती, तीही गेली. ती सोय आहे हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. गेल्यावर आलं.

आणि मग पाऊस गेला. एक साल गेला, दुसऱ्या सालीही गेला.

ओढा वाळला, विहिरींना तळ दिसला, कडब्याच्या गंजी संपल्या. दूध कमी झालं तशी लाल गाडी आधी दिवसाआड यायला लागली, मग आठवड्यातनं दोनदा. मधल्या दिवसांचं दूध नासायचं. शेवटी एक दिवस डेअरीचा माणूस आला, "एवढ्याशा दुधाला डिझेल परवडत न्हाई," म्हणाला आणि गेला. बोर्ड तेवढा राहिला.

त्याच सुमारास आमच्या संघानं ठरवलं की सभासदांना पेंड आणि चारा द्यायचा. ज्याचं जितकं दूध, तितका चारा. यादीत चाळीस गावं होती. उमरदऱ्याच्या नावापुढं एकच ओळ होती: गयाबाई, एक म्हैस, पाच लिटर.

इथून पुढं मावशीची म्हैस चमत्कार करायला लागली.

पहिल्या आठवड्यात पाचाचे नऊ लिटर झाले. मी म्हणालो, "मावशी, म्हस खुशीत दिसती."

"संघात हाय ना," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सतरा. मग तीस. किटलीच्या जागी चाळीस लिटरचा कॅन आला, मग त्याच्या जोडीला दुसरा. घागरी वाहायच्या चारचाकी गाड्यावर कॅन ठेवून, वर ओली गोधडी टाकून मावशी गाडा ढकलत आणायची. एका सकाळी मी लिहिलं, साठ लिटर. गफूरभाईंनी कॅन चढवले, कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "सायब, मुल्कातल्या सगळ्या बोअरा आटल्या. ये भैंस कायकू नहीं आटती?"

मी रजिस्टरात डोकं खुपसलं. मला कळत होतं. फॅट काढणाऱ्याला दूध बोलतं. त्या कॅनात म्हशी होत्या, गाय होती, तान्ही होती, आटत आलेली होती. सगळा उमरदरा होता.

गावात काय चाललंय ते मला हळूहळू कळलं. पाण्याचा टँकर फाट्यावर यायचा, म्हणून बायका पहाटे घागरी घेऊन निघायच्या. आधी मावशीच्या अंगणात वळायच्या. पाण्याला निघालेल्या बायकांच्या घागरी रिकाम्या असायला हव्यात. या भरल्या घागरींखाली वाकून चालायच्या, आणि हे उमरदऱ्यातल्या एकाही गड्याला कधी दिसलं नाही. पारावर बसलेले गडी त्या वेळी नेमके आभाळाकडं बघायचे, ढग आलाय का ते. आपण संघ सोडला ही चूक झाली असं कुणी म्हणालं नाही. घरात दावणीला चारा दिसला तर कुठून आला असंही कुणी विचारलं नाही. चारा मावशीच्या अंगणात उतरायचा आणि कुणाच्या घागरीला किती पेंढ्या हे तिच्या तोंडपाठ असायचं. त्यावरनं कधी भांडण झालं नाही.

पण कचेरीत बसलेल्यांना डोळे असतात. एक दिवस वरून चिठ्ठी आली: 'एका म्हशीचे साठ लिटर. समक्ष पाहून अहवाल द्यावा.' मॅनेजर यावेळी 'बघू' म्हणाला नाही. त्याला भीती वाटत होती, केंद्राचा कागद त्यानंच काढला होता. लबाडी निघाली तर मावशीचं नाव कटणार, चारा बंद होणार, आणि साठ लिटर मुकाट लिहिणारा मी, माझंही काही खरं नव्हतं.

तपासायला संघाचे नवे डॉक्टर निघाले. वयानं कोवळे, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून गाडीत ताठ बसणारे. रस्ताभर एकच बोलले, "साठ लिटर म्हणजे जगातली पहिली म्हैस. बघायलाच पाहिजे."

सांगून सवरून गेलो नव्हतो. तांबडं नुकतंच फुटलं होतं. मावशीच्या अंगणात पंधरा-वीस बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या. गाडी दिसताच रांग विस्कटली. कुणी घागर पदराआड घेतली, कुणी तुळशीमागं ठेवली. एक बाई आपल्या घागरीवरच बसली. ती चेअरमनची बायको, सुमनकाकू.

मावशी मात्र शांत होती. "या डाक्टर. च्या टाकू का? बिनदुदाचा चालंल?"

"आधी म्हैस दाखवा."

गोठ्यात म्हैस उभी होती. म्हातारी, पण अंग धुतलेलं, शिंगांना तेल, कपाळाला कुंकू. दुष्काळात इतकं देखणं ठेवलेलं जनावर मी दुसरं पाहिलं नाही. डॉक्टर वाकले, कास चाचपली. पुन्हा चाचपली. दात बघितले. मग उभे राहून हळूच म्हणाले, "बाई, ही तर आटलेली आहे. हिला दूध नाही."

अंगणातल्या बायका गोठ्याच्या दाराशी सरकल्या.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती. "गेल्या साली आटली. दिवाळीच्या अगुदर."

मी मनात हिशेब लावला. दिवाळीच्या आधी, म्हणजे बायका यायला लागल्या त्याच सुमाराला. या साठ लिटरमध्ये मावशीचा स्वतःचा एक थेंबही नव्हता.

मला वाटलं, निदान या बायकांना तरी हे माहीत असेल. पण त्या एकमेकींकडं बघत होत्या. सुमनकाकू घागरीवरून उठली. "अगं आक्का, तू तर रोज म्हनायचीस, महं वतून झालं, आता तुमचं आना म्हनून!"

"म्हनायचे."

"आन् तुह्या वाटची पेंड?"

"हिला लागती की." मावशीनं म्हशीकडं बोट केलं. "खाती. तीबी सभासद हाय."

डॉक्टरांनी विचारलं, "मग हे सगळं करता कशाला? रोज पहाटे उठून गाडा ढकलायचा, दुसऱ्यांच्या दुधासाठी?"

मावशी त्यांच्याकडं बघून हसली. नेहमीसारखं संघाच्या नावावर काहीतरी बोलेल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "दूद न्हाई म्हनलं आसतं तर तुमी नाव काडलं आसतं. मग ह्येंचं दूद कुनाच्या नावावर गेलं आसतं?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत, जरा हळू आवाजात म्हणाली, "आन् दादा, हे गेल्यापासून ह्या अंगनात कुनी येत नव्हतं. पोरबाळ न्हाई. महं तोंड दिसलं की लोक चिडवायचे, ते बी बरं वाटायचं. मग ह्या यायला लागल्या. कुनाची सून नांदती, कुनाची न्हाई, समदं हितं कळायचं. आता मी कशाला सांगू, की म्हस आटली म्हनून?"

डॉक्टरांनी कागद काढला. पेन टेकवलं आणि पुन्हा एकदा अंगणातल्या घागरींकडं बघितलं. मग लिहिलं. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: 'म्हैस समक्ष पाहिली. जनावराची निगा उत्तम. पेंड चालू ठेवावी.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, चेअरमन धापा टाकत आले. त्यांनी आम्हाला पाहिलं, मावशीला पाहिलं, आणि मग घागरीजवळ उभ्या असलेल्या स्वतःच्या बायकोला पाहिलं. सुमनकाकूनं त्यांची नजर चुकवली नाही. म्हणाली, "बगता काय? दावनीच्या गाईला गेले चार महिने काय आभाळानं चारा टाकला का?"

चेअरमननी टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सुपरवायझर सायेब, पुन्हा आत यायचं तर काय कागदं लागतेत?"

कागद पुष्कळ लागत होते. बाहेर पडताना नुसता हात वर केला होता. आत यायला ठराव, अर्ज, दाखले, सगळ्यांच्या सह्या. संचालक मंडळात काही जण मुद्दाम लांबवत होते. त्यांना इतर गावांना दाखवायचं होतं की संघ सोडला की काय होतं. चेअरमन मॅनेजरच्या खोलीबाहेर दिवस दिवस बसू लागले. मला त्यांची दया यायची आणि गंमतही वाटायची. शेवटी मॅनेजरनंच मार्ग काढला. त्यानं मंडळापुढं कागद ठेवला: उमरदऱ्याचा दूधपुरवठा एक दिवसही बंद नव्हता, तेव्हा गाव पूर्ण बाहेर पडलंच नाही. रोजच्या नोंदी आहेत, बघा. मंडळानं बघितल्या. गाव आत आलं, पण पहिल्यासारखं नाही. पाच वर्षं मत देता येणार नव्हतं, आणि चेअरमनना संचालकपदाला उभं राहता येणार नव्हतं. त्यांनी निमूट सही केली.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. गाडी पुन्हा पारापर्यंत जायला लागली. संस्थेच्या खोलीला चुना मारला, यंत्र परत आलं. बायका घागरी सोडून किटल्या घेऊन थेट संस्थेत यायला लागल्या. फाट्यावरचं केंद्र बंद झालं.

सगळं चांगलं झालं होतं. मावशीच्या अंगणात मात्र आता पहाटे कुणी येत नव्हतं.

पहिले काही दिवस ती संस्थेच्या दारात येऊन उभी राहायची. हातात काही नसायचं. मी विचारलं, "काय मावशी?" तर म्हणाली, "काय न्हाई. गाडी येळेवर येती का बगायला आलते." एकदा तिला सर्दी झाली होती. नुसतं "मला सर्दी झालीय" म्हणाली. नंतर नंतर ती यायचीही बंद झाली.

संघाचा एक नियम होता. सभासदानं सालभर दूध घातलं नाही तर नाव कमी होतं. मी यादी लिहीत होतो. तिच्या नावापुढं रोज रिकामी जागा सोडत होतो आणि साल सरत आलं होतं.

मग एका सकाळी रांगेच्या शेवटी गयामावशी. हातात पितळेचा तांब्या, त्यात अर्धा लिटर दूध.

"म्हस दूद द्यायला लागली?" मी विचारलं.

"लागली," ती म्हणाली. तोंडावर हसू मावत नव्हतं. "ल्हिवा."

ती म्हैस आता गाभण राहायच्या वयाची नव्हती, हे मला माहीत होतं आणि तिलाही. मी लिहिलं. त्या दिवसापासून ती रोज यायला लागली, आणि रोज अर्धा लिटर घालायला लागली. कधी तिच्या आधी दोघी-तिघी बोलत बोलत तिच्याच गल्लीतून यायच्या, कधी मागून. मी लिटर लिहीत राहिलो.

एकाच जनावराचं दूध असलं की फॅट फारसं हलत नाही. आज जितकं लागलं, उद्याही त्याच्याच आसपास लागतं. मावशीच्या तांब्याचं सोमवारी साडेसात लागायचं, मंगळवारी सहा, पुढं एखाद्या दिवशी आठसुद्धा. आणि दर गुरुवारी चार. चार म्हणजे गाईचं दूध. त्या दुष्काळानंतर उमरदऱ्यात गाय एकाच दावणीला उरली होती, चेअरमनच्या.